अडेनियम: आपल्याच मोसमी वाऱ्याच्या दुसऱ्या टोकाचे झाड

जून संपता संपता नवी मुंबईतल्या अनेक बाल्कन्यांमध्ये अडेनियमची झाडे दगावू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्या झाडाच्या फांदी न फांदीवर गुलाबी फुले होती, त्याची पाने पिवळी पडतात, जमिनीलगतचा फुगीर बुंधा एका बाजूने मऊ होतो, आणि आठवडाभरात त्यातून आंबूस वासाचे पाणी झिरपू लागते. मग झाड फार नाजूक होते असा निष्कर्ष काढून कुंडी रिकामी केली जाते आणि दिवाळीनंतर नर्सरीतून नवे झाड येते. हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. उघड्या खडकाच्या भेगेत, महिनोन्महिने पावसाचा थेंबही न पाहता, तापलेल्या वाऱ्यात शतकभर उभे राहू शकणाऱ्या वनस्पतीला नाजूक म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती मुळात कुठे राहते आणि तिथे कशी जगते हे समजून घेतले, तर ती आपल्या दमट खाडीकाठीही उत्तम जगते, हे नेरूळच्या माझ्या बाल्कनीतील झाडांच्या बळावर मी खात्रीने सांगू शकते.

आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी 'वाळवंटी गुलाब' म्हणून विकली जात असली, तरी गुलाबाशी तिचे काहीही नाते नाही. तिचे कूळ कण्हेरीचे. चाफा, तगर, सदाफुली, सातवीण आणि रुई हे सगळे याच कुळातले सभासद आहेत, आणि पान किंवा देठ तोडताच पाझरणारा चीक ही या घराण्याची ओळख अडेनियममध्येही आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्राला या झाडाची ओळख करून देणारा पेटर फोर्स्कोल याने तर त्याला थेट कण्हेरीच्याच प्रजातीत बसवले होते. फोर्स्कोल हा स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य होता. १७६१ साली कोपनहेगनहून निघालेल्या डॅनिश मोहिमेबरोबर तो अरबस्तानात गेला, येमेनच्या डोंगरांत त्याने वनस्पती गोळा केल्या, आणि जुलै १७६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिथेच मलेरियाने त्याचा मृत्यू झाला. त्या मोहिमेतील सहा जणांपैकी कार्स्टन नीबूर हा एकटाच जिवंत परत गेला, आणि परतीच्या वाटेवर तो मुंबईत बरेच महिने राहिला होता. उरणच्या किनाऱ्यावरून जी घारापुरी दिसते, तिथल्या लेण्यांची मापे घेऊन आणि चित्रे काढून त्यांचे तपशीलवार वर्णन युरोपला देणारा नीबूर तो हाच. आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या टिपणांचे पुस्तक त्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध करवले आणि त्यातून हे झाड जगाला माहीत झाले. कण्हेरीपासून वेगळे काढून त्याला अडेनियम ही स्वतंत्र प्रजाती मिळाली ती पुढे १८१९ मध्ये.

या झाडाचा नैसर्गिक प्रदेश नकाशावर पाहिला तर तो आश्चर्यकारक रुंद आहे. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगलपासून सुरू होऊन सहाराच्या दक्षिण काठाने, म्हणजे साहेल नावाच्या कोरड्या पट्ट्याने, तो सुदान, इथिओपिया आणि सोमालियापर्यंत येतो, खाली केनिया-टांझानियात उतरतो आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेन, सौदी अरेबियाचा नैऋत्य कोपरा आणि ओमानमधील धोफार एवढा भाग व्यापतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि कालाहारी यांतही अडेनियमचे भाऊबंद आहेत. हे सगळे एकाच जातीचे प्रकार मानायचे की वेगवेगळ्या जाती, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. आपल्या बाजारात मिळणारी झाडे मुख्यतः अडेनियम ओबेसम या जातीची, किंवा तिच्यापासून थायलंड आणि तैवानमध्ये तयार केलेल्या संकरांची असतात.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, पण अडेनियम तिथले नव्हे. त्याला खडक लागतो. डोंगराचा उतार, चुनखडीच्या कड्यातील फट, कोरड्या ओढ्याच्या काठची खडी, विरळ गवताचा मुरमाड माळ अशा जागी ते उगवते. तिथे मातीचा थर जेमतेम असतो आणि जो असतो तो खड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी मुळांना भिजवून लगेच पुढे निघून जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात जमीन पुन्हा कोरडी होते. थोडे पाणी झपाट्याने पिऊन घ्यायचे आणि पुढचे कित्येक महिने ते पुरवायचे, हा या झाडाच्या जगण्याचा सगळा मंत्र आहे. फुगीर बुंधा त्यासाठीच असतो. तो लाकडाने नव्हे तर पाणी साठवणाऱ्या मऊ पेशींनी भरलेला असतो. दुष्काळ लांबला की झाड आधी पाने गाळते, म्हणजे पाणी बाहेर जाण्याचा मुख्य मार्गच बंद होतो, आणि मग ते बुंध्यातील साठ्यावर दिवस काढते. साठा कमी होऊ लागला की बुंधा किंचित आत दबतो आणि पाणी मिळाले की पुन्हा भरतो. उन्हाळ्यात अंगठ्याने हलकेच दाबून पाहिल्यास हा फरक बोटाला कळतो.

या सगळ्या प्रदेशातील जी जागा माझ्या मनात घर करून बसली आहे ती सोकोट्रा. अरबी समुद्रात, आफ्रिकेच्या शिंगापासून, म्हणजे सोमालियाच्या पूर्वेकडील टोकापासून, सुमारे २३० किलोमीटरवर असलेले हे येमेनचे बेट आहे. तिथल्या वनस्पतींच्या सुमारे ८२५ जातींपैकी ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत, आणि या वैभवामुळे २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अडेनियम सोकोट्रानम हा तिथला रहिवासी म्हणजे या घराण्यातला खरा महाकाय. चुनखडीच्या उभ्या कड्यांना बिलगून राहणारे त्याचे राखाडी बुंधे बाटलीसारखे फुगलेले असतात, दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत इतके जाड होतात, आणि त्यांच्या डोक्यावर मोजक्या आखूड फांद्या असतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना गुलाबी फुलांचे झुबके येतात. माती जवळजवळ नसलेल्या त्या कड्यांवर मुळे खडकाच्या भेगांतच शिरतात आणि बुंधाही खडकाच्या आकाराप्रमाणे वळत, पसरत वाढतो.

सोकोट्रा आपल्याला वाटते तितके परके नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नोंदींत कल्याण आणि सोपारा या आपल्या बंदरांचा उल्लेख आहे, तसाच सोकोट्रावर राहणाऱ्या भारतीय व्यापाऱ्यांचाही आहे. बेटावरील होक नावाच्या खोल गुहेत खलाशांनी लिहून वा कोरून ठेवलेले जे लेख सापडले, त्यांपैकी बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांनी ही झाडे दोन हजार वर्षांपूर्वीच पाहिली असणार, असे मानायला भरपूर जागा आहे.

त्या माणसांना ज्या वाऱ्याने नेले आणि आणले, तोच वारा या झाडाचे कोडे उलगडतो. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यालगत नैऋत्येचा जो प्रचंड वेगवान झोत सुरू होतो तो सोकोट्रावरून जातो आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून कोकणात येतो. हाच आपला मोसमी वारा. पण सोकोट्रावर तो जवळजवळ पाऊस देत नाही. त्या झोतामुळे सोमालियाच्या किनाऱ्यापाशी समुद्राच्या खोलातील थंड पाणी वर येते, वरच्या थरात कोरडी उष्ण हवा झाकणासारखी बसलेली असते, आणि त्यामुळे ढग उंच वाढू शकत नाहीत. जून ते सप्टेंबर बेटावर नुसते वादळी वारे घोंगावतात आणि पूर्वी या महिन्यांत तिथे जहाजेही लागत नसत. धोफारच्या डोंगरांवर हाच वारा धुके आणि बारीक बुरबुर घेऊन येतो. तिथून पुढे मात्र शेकडो किलोमीटर उबदार समुद्रावरून येताना तो बाष्प पीत राहतो आणि सह्याद्रीला अडून जे काही सोडायचे ते आपल्यावर सोडतो. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत होतो. येमेनच्या एडन बंदराला वर्षभरात पन्नास मिलिमीटरच्या आसपास पडतो. एकाच वाऱ्याची ही दोन टोके आहेत, आणि आपण त्या टोकाचे झाड आणून या टोकाला ठेवले आहे.

यावरून अडेनियमला पावसाचे वावडे आहे असे कोणी म्हणेल, तर तेही बरोबर नाही. साहेलमधील अडेनियमला पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबरमध्ये मिळतो आणि तो काही अगदी नगण्य नसतो. वर्षाला दोनशे ते सहाशे मिलिमीटर पावसाचा तो प्रदेश आहे. तिथे हे झाड पावसाळ्यातच पानांनी भरते आणि वाढते. मात्र तिथे एक जोरदार सर येऊन गेली की पुढचे काही दिवस कडक ऊन पडते. आपल्याकडे जुलैत सलग आठवडाभर सूर्य दिसत नाही, हवा ओलसर असते, आणि कुंडीतील माती एकदा भिजली की वाळतच नाही. झाडाला मारते ती ही न वाळणारी ओल. पाणी साठवणाऱ्या मऊ पेशींना बुरशी लागायला याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नाही, आणि सड बहुधा मुळांकडून सुरू होऊन वर येत असल्याने ती डोळ्यांना दिसते तेव्हा निम्मा बुंधा गेलेला असतो.

एवढे लक्षात आले की बाल्कनीत काय करायचे ते वेगळे शिकवावे लागत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हा आपल्या नर्सऱ्यांचा लाडका माल आहे, कारण तो हलका आणि स्वस्त असतो, पण तो पाणी धरून ठेवतो आणि नेमके तेच आपल्याला नको असते. झाड घरी आले की ते कोकोपीट झटकून टाकून निम्म्याहून अधिक भाग बारीक खडी, विटांचे तुकडे आणि जाड वाळू, आणि उरलेल्यात लाल माती व चाळलेले जुने शेणखत अशा मिश्रणात लावावे. वरून ओतलेले पाणी काही क्षणांत खालच्या भोकातून बाहेर आले पाहिजे. कुंडी उथळ आणि रुंद, शक्यतो मातीची असावी आणि तिच्याखाली ताटली ठेवू नये. पावसाळ्यात झाड छज्ज्याखाली, पण जितका मिळेल तितका उजेड असलेल्या जागी सरकवावे आणि पाणी पूर्ण थांबवण्याऐवजी माती खोलवर कोरडी झाल्यावर थोडेच द्यावे. उन्हाळ्यात मात्र त्याला दक्षिण किंवा पश्चिमेचे भर ऊन हवे असते. आपल्या इमारतींच्या तापलेल्या भिंती आणि स्लॅब, ज्यांच्यामुळे तुळस आणि गुलाब करपतात, त्या अडेनियमला मानवतात, कारण त्याच्या मूळ जागीही बाजूचा खडक असाच तापलेला असतो. एप्रिल-मेमध्ये त्याला एक दिवसाआड भरपूर पाणी चालते.

बुंधा मऊ लागलाच तर वाट पाहू नये. झाड उपटून, मुळे धुऊन, धारदार आणि स्वच्छ सुरीने तपकिरी झालेला भाग कापत जावे, आणि आतला गर सगळीकडून पांढरट व घट्ट दिसेपर्यंत थांबू नये. कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावून झाड हवेशीर सावलीत, मातीविना, जखम पूर्ण सुकेपर्यंत ठेवावे. इतके दिवस उघड्या मुळांनी ठेवायचे म्हणजे ते मरेल अशी भीती नवख्यांना वाटते, पण ज्याने बुंध्यातच पाणी बांधून आणले आहे त्याला हा काळ काहीच नाही.

फुलाकडे जवळून पाहायला फार थोडे लोक थांबतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पाच पाकळ्यांचे फूल खाली एका नळीत निमुळते होते. पाकळीचा गुलाबी रंग कडेला गडद आणि गळ्याकडे फिकट होत जातो, आणि नळीच्या आत बारीक लालसर रेषा उतरताना दिसतात. गळ्यात डोकावले तर पाच परागकोश एकमेकांना टेकून एक छोटा शंकू करून बसलेले असतात आणि त्यांच्या टोकांचे केसाळ धागे नळीबाहेर येतात. स्त्रीकेसराचा भाग या शंकूच्या आत दडलेला असतो, त्यामुळे कीटकाची सोंड दोन परागकोशांमधल्या फटीतूनच आत जाते आणि परत येताना पराग घेऊन येते. त्या लांबीची सोंड असलेले कीटक बाल्कनीत येतीलच असे नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे फुले ढीगभर येऊनही शेंगा क्वचित धरतात. शेंगा हव्या असतील तर पाकळ्यांची नळी एका बाजूने चिरून, बारीक ब्रशने एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलात पोचवावे लागतात. पाने नसताना फुलण्याची युक्ती आपल्यालाही ओळखीची आहे. येऊरच्या जंगलात काटेसावर, पांगारा आणि पळस शिशिरानंतर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, ते याच हिशेबाने: आड येणारी पाने नसली की फूल दुरून दिसते.

शहरात आल्यावर अडेनियमने जुने नातेसंबंधही शोधून काढले आहेत. ऑगस्टच्या सुमारास एका रात्रीत अर्ध्या फांदीची पाने नाहीशी झालेली दिसली आणि कुंडीभोवती जाडसर काळपट लेंड्या पडलेल्या असल्या, तर वर नीट पाहावे. बोटाएवढी हिरवीगार अळी देठाला चिकटून बसलेली सापडते. कडेने पांढऱ्या ठिपक्यांची रेघ, शेपटाकडे एक छोटे शिंग, आणि डिवचले की डोक्यामागे उघडणारे दोन निळसर डोळे, जे खरे डोळे नसून पक्ष्यांना घाबरवण्यासाठीचे ठिपके असतात. कण्हेर, तगर आणि सातवीण यांवर वाढणाऱ्या ऑलिअँडर हॉक मॉथ या देखण्या हिरव्या पतंगाची ही अळी आहे. या कुळाचा विषारी चीक ती पचवू शकते, आणि आफ्रिकेतून आलेले झाडही आपल्याच खाद्यकुळातले आहे हे तिला बरोबर कळते. तिच्यावर कीटकनाशक फवारू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खाल्लेली पाने दोन-तीन आठवड्यांत परत येतात. अगदीच वाटले तर अळी उचलून सोसायटीच्या आवारातील तगरीवर सोडावी.

चिकाबद्दल मात्र गांभीर्याने बोलायला हवे. अडेनियमच्या रसात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. टांझानियातील हाड्झा लोक हा रस आटवून त्याचा दाट काळा लेप बाणांच्या टोकांना लावतात आणि त्यावर मोठी शिकार करतात. छाटणी करताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, चीक डोळ्यांजवळ जाऊ देऊ नये, आणि रांगते मूल किंवा पाने चघळणारे मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. हेच विष झाडाचे त्याच्या मूळ जागी रक्षण करते. सोकोट्रावर शेळ्यांचे कळप कोवळी रोपे शिल्लक ठेवत नाहीत आणि त्यामुळे बेटावरील अनेक दुर्मीळ झाडांची नवी पिढीच उभी राहत नाही, पण अडेनियमला शेळ्या तोंड लावत नाहीत. त्याच्यावरचे संकट वेगळ्या दिशेने येऊ पाहत आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चपला आणि मेघ ही दोन चक्रीवादळे एकाच आठवड्याच्या अंतराने बेटावर आदळली आणि मे २०१८ मध्ये मेकुनू आले. शेकडो वर्षांची झाडे त्यांत उन्मळून पडली. जो अरबी समुद्र तापल्याने आपल्या किनाऱ्यावरही निसर्ग आणि तौक्तेसारखी वादळे आली, तोच समुद्र तिथेही आहे.

शेंगा धरल्याच, तर त्या शिंगांच्या जोडीसारख्या दोन-दोन येतात आणि पिकायला काही महिने घेतात. रंग तपकिरी होऊ लागताच त्यांना दोरा गुंडाळावा किंवा जाळीची पिशवी बांधावी, कारण शेंग तडकली की बिया उडून जातात. प्रत्येक बी काडीच्या तुकड्याएवढी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. रुईच्या म्हातारीला तो एकाच टोकाला असतो. या दोन झुबक्यांमुळे अडेनियमची बी वाऱ्यावर तरंगते आणि जमिनीवर पडल्यावर घरंगळत पुढेही जाते, आणि एखाद्या खडकाच्या फटीत अडकली की तिथेच थांबते. नर्सरीत विकली जाणारी बरीच झाडे कलमी असतात, म्हणजे फुलाचा रंग हमखास मिळतो, पण आकारात स्वतःचा स्वभाव असलेला बुंधा पाहायचा असेल तर बीपासूनच सुरुवात करावी. ताजी बी गरम हवेत आठवड्याभरात रुजते आणि अंकुर मातीबाहेर येतो तोच फुगीर पायाने. एप्रिलमध्ये शेंग तडकली तर मी लगेच पेरते, म्हणजे पावसाच्या आधी रोपांना दीड-दोन महिने ऊन मिळते. त्यानंतर तडकली तर बिया कागदी पाकिटात कोरड्या ठेवून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहते, कारण जुलैच्या ओलीत एवढ्या कोवळ्या बुंध्याला मीही वाचवू शकत नाही.